टीम इंडियाचा कोच खरंच टीम निवडतो का? आणि मोठ्या प्लेयरला बसवायचं झालं तर ते त्याला सांगतं कोण?

तुमचा प्रश्न असा आहे की कोच दर वेळी पत्रकारांना सांगतो सिलेक्शन माझ्या हातात नाही, मग हरल्यावर शिव्या त्यालाच का पडतात, आणि एवढाल्या स्टार लोकांना तो सांभाळतो तरी कसा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटात होतं, दुसऱ्यावर मी इथे दादरला कट्ट्यावर कित्येक संध्याकाळी घालवल्यात त्यामुळे जरा लांबेल, चालवून घ्या.

तर पहिलं. आपल्याकडे स्क्वॉड निवडते ती बीसीसीआयची निवड समिती. जुलै २०२३ पासून तिचा चेअरमन अजित आगरकर. कोच आणि कॅप्टनला विचारतात, त्यांचं म्हणणं ऐकून घेतात, पण मत टाकायचा हक्क कोचला नाही. ऑस्ट्रेलियात तसं नाहीये, तिकडे हेड कोच अँड्र्यू मॅकडोनल्ड स्वतः जॉर्ज बेली आणि टोनी डोडेमेडबरोबर निवड समितीत बसलेला आहे. म्हणजे तो म्हणूच शकत नाही की मला विचारलं नाही. आपला कोच म्हणू शकतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरं असतं. आपल्याकडे कोचची अवस्था सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी आहे, अधिकार बेताचे आणि पाणी आलं नाही की पहिला फोन त्यालाच.

पण स्क्वॉड वेगळा आणि अकरा वेगळे. पंधरा-सोळा जण विमानात बसले की त्यातले अकरा कोण हे कॅप्टन आणि कोच मिळून ठरवतात. लोकांची जी भांडणं असतात ना, ती बहुतेक या अकरावरूनच असतात. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर कुलदीप यादव पाचपैकी एकही टेस्ट खेळला नाही, तो काही आगरकरने बसवला नव्हता, आगरकरने तर त्याला स्क्वॉडमध्ये दिला होता. तो निर्णय कोच गंभीर आणि कॅप्टन गिलचा. मला तेव्हा पटला नाही, आजही पूर्ण पटत नाही, विकेट काढणारा स्पिनर डब्यात ठेवून तुम्ही टेस्ट जिंकायला निघालात हे आमच्या मैदानी डोक्यात बसत नाही. पण कोचच्या बाजूने बघितलं तर पहिल्या टेस्टला हेडिंग्लेला काय झालं होतं आठवा, आपल्या पाच सेंच्युरी झाल्या आणि तरी मॅच हरलो, कारण पहिल्या डावात शेवटच्या सात विकेट ४१ रनमध्ये आणि दुसऱ्यात शेवटच्या सहा ३१ मध्ये गेल्या. इंग्लंडने ३७१ चेस करून टाकले. मग पुढच्या टेस्टला वॉशिंग्टन सुंदर आला, आठव्या नंबरपर्यंत बॅटिंग पाहिजे हा हट्ट सुरू झाला, आणि मॅंचेस्टरला जडेजा आणि तोच सुंदर दोघं नाबाद सेंच्युऱ्या मारून टेस्ट ड्रॉ करून गेले. सिरीज २-२. आता कुलदीप असता तर ३-१ झाली असती असं म्हणणारे आहेत, मीही त्यातलाच, पण ते सिद्ध करता येत नाही आणि सुंदरची सेंच्युरी मात्र स्कोअरबुकात आहे.

बुमराचं तसंच. पाचपैकी तीनच टेस्ट खेळणार हे सिरीजच्या आधीच जाहीर केलं, आणि गंमत म्हणजे आपण जिंकलेल्या दोन्ही टेस्ट, एजबॅस्टन आणि ओव्हल, तो नसतानाच्या. सिराज बिचारा पाचही खेळला आणि २३ विकेट काढल्या. लोक म्हणाले मग तीनच का, कोण ठरवतो, सिरीज पणाला लागलीय आणि हा आराम करतोय. मला यातली एक गोष्ट आवडली, आधी सांगितलं. बॉलरला माहीत, बाकीच्या बॉलर्सना माहीत, आकाश दीपला माहीत की आपली पाळी येणार आहे. तो एजबॅस्टनला आला आणि मॅचमध्ये दहा विकेट घेऊन गेला.

आता दुसरा प्रश्न, बसवायचं कोण सांगतं.

मी कांगा लीगला खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबची टीम बघतो. पगार वगैरे काही नाही, हौस. पावसाळ्यातलं क्रिकेट, आउटफिल्डला गवत गुडघ्याला लागतंय, बॉल मारला तरी फोर जात नाही, विकेट ओली, त्यामुळे एक जास्तीचा बॅट्समन घेण्यापेक्षा मंद गतीचा पण टप्प्यावर टाकणारा सीमर घ्यावा लागतो. आता हे सगळं मला कळतं. पण जो बॅट्समन बाहेर बसणार आहे तो नालासोपाऱ्याहून पहिल्या गाडीला किट घेऊन लगेजच्या डब्यात उभा राहून चर्चगेटला उतरलेला असतो, आझाद मैदानावर तंबूत येऊन तो पॅड काढून ठेवतो, बूट बदलतो, आणि मग फळ्यावर नाव बघतो. त्या वेळी तुम्ही त्याच्याकडे न बघता टॉसला निघून गेलात तर झालं, तो पोरगा त्या दिवशी बारावा म्हणून पाणी नेईल पण पुढच्या नेट्सला अर्धा तास उशिरा येईल आणि त्याच्या पुढच्या आठवड्याला येणारच नाही. त्याचा बाप मात्र येईल. तंबूच्या बाहेर उभा राहून विचारेल, सर काय चुकलं तेवढं सांगा. आणि खरं उत्तर असतं, काही चुकलं नाही हो, गवत वाढलंय.

म्हणून मी आदल्या रात्री ग्रुपवर लिस्ट टाकायच्या आधी जे बाहेर आहेत त्यांना फोन करतो. पोरं चिडतात. एकाने फोनच ठेवून दिला होता. पण सकाळी आला.

हे एवढ्या खालच्या लेव्हलला असं, तर वर काय असेल विचार करा. तिथे बाहेर बसणारा माणूस काही कोटींचा, त्याच्या मागे एजंट, जाहिराती, कॉमेंट्रीत बसलेले त्याचे जुने मित्र. कोचला मत नाही, करार दोन-तीन वर्षांचा, आणि स्टार दहा वर्षं खेळणार. आता अशा वेळी कोचच्या हातात खरं काय उरतं? फक्त बोलणं. कधी बोलला, कोणासमोर बोलला, आणि आधी त्या प्लेयरशी बोलला की आधी बोर्डाशी. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या कोचचं यश-अपयश बघायचं तर त्याने कोणाला खेळवलं ते नंतर बघा, ज्याला खेळवलं नाही त्याच्याशी तो कसा वागला ते आधी बघा.

आपल्या टीमचा आधीचा कोच ग्रेग चॅपल, त्याचं उदाहरण सगळ्यांना माहितीय पण लोक त्याला नुसता व्हिलन करून मोकळे होतात. त्याचं क्रिकेट कळणं कोणी काढून घेऊ शकत नाही. सप्टेंबर २००५, झिम्बाब्वे दौरा, गांगुलीबद्दल त्याला जे वाटलं ते त्याने बोर्डाला ईमेलने लिहिलं आणि तो ईमेल फुटला. गांगुलीची कॅप्टन्सी गेली, जागाही गेली, आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये साउथ आफ्रिकेत तो परत आला तो जोहान्सबर्गला नाबाद ५१ करूनच. मग २००७ चा वर्ल्ड कप, सचिनला ओपनिंगवरून काढून मधल्या फळीत टाकलेला, बांगलादेश आणि श्रीलंकेशी हरून पहिल्याच फेरीत घरी. ओपनरला चार नंबरला खेळवणं हा काही गुन्हा नाही, पण त्याला ते पटलंय का हे बघायला पाहिजे ना, आणि नसेल पटलं तर तुम्ही वर्ल्ड कपला त्याच्याकडून काय काढणार. नंतर गॅरी कर्स्टन कोच म्हणून आला, हा तर फारसा बोलतच नव्हता पत्रकारांशी, नेट्समध्ये तासन् तास थ्रोडाऊन टाकायचा, म्हणजे जवळून हाताने बॉल फेकून बॅटिंगचा सराव द्यायचा. त्याच्या काळात तोच सचिन ओपनिंगला ग्वाल्हेरला २०० आणि २०११ च्या वर्ल्ड कपला ४८२ रन. वानखेडेला आम्ही काय काय केलं त्या रात्री ते राहू दे.

कुंबळेचं मात्र मला अजून वाईट वाटतं. एक वर्ष कोच होता, २०१६ ते २०१७. वेस्ट इंडिज, न्यूझीलंड, इंग्लंड, बांगलादेश, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांना टेस्टमध्ये हरवलं. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल पाकिस्तानशी हरलो आणि दोन दिवसात राजीनामा, आणि त्यात त्याने स्वच्छ लिहिलं की कॅप्टनला माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल अडचण आहे असं मला बोर्डाकडून कळलं. बोर्डाकडून! म्हणजे इथेही तेच, समोरासमोर काही झालंच नाही, तिसऱ्याकडून कळलं. रिझल्ट चांगले असले की सगळं झाकलं जातं असं लोक म्हणतात, या केसमध्ये तरी नाही झाकलं गेलं.

कुंबळेनंतरचे कोच रवी शास्त्री, त्यांच्यावर लोक हसतात, मीम बनवतात, पण निवडीच्या बाबतीत मला त्यांच्या काळातला एक निर्णय सगळ्यात भारी वाटतो. डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेडला ३६ ऑलआउट. कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी निघाला, शमीचा हात मोडला. आता तुम्ही मेलबर्नसाठी टीम काढताय, छत्तीसवर आउट झालेल्या टीममधून तुमचा सगळ्यात मोठा बॅट्समन गेलाय, त्याच्या जागी कोण? शंभरातला प्रत्येक माणूस म्हणणार बॅट्समन घ्या, दोन घ्या. यांनी कोहलीच्या जागी जडेजा घेतला. पाच बॉलर. गिल आणि सिराजचं पदार्पण, साहाच्या जागी पंत. अजिंक्य रहाणेने ११२ मारले, जडेजाने ५७ आणि तीन विकेट, टेस्ट जिंकली. यात कॅप्टन रहाणेचं किती आणि शास्त्रींचं किती हे वाटून देता येणार नाही, पण घाबरलेला माणूस अशी टीम काढत नाही हे नक्की. आणि त्याच सिरीजची शेवटची टेस्ट आपण ब्रिस्बेनच्या गॅबाला जिंकली, तिथे तर अर्धी बॉलिंग नेट बॉलर म्हणून थांबलेल्या पोरांची होती, नटराजन, सुंदर. ती पोरं नुसती बॅगा उचलायला ठेवली असती तर त्या दिवशी गॅबा झालं नसतं, कोणीतरी त्यांना रोजच्या रोज टीममधलंच धरत होतं.

आता ज्याच्यावर लिहायला मी मुळात बसलो तो माणूस. अमोल मुझुमदार. तुम्ही नॅशनल कोच म्हणालात आणि तुमच्या डोळ्यासमोर पुरुषांची टीम असणार, पण प्लेयर सांभाळणं शिकायचं असेल तर माझ्या मते गेल्या काही वर्षातलं सगळ्यात चांगलं उदाहरण महिला टीमचं आहे. ऑक्टोबर २०२३ ला तो हेड कोच झाला. शारदाश्रम शाळेचा, सचिनचे कोच आचरेकर सरांचा. १९८८ ला सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप चालू असताना पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तो हाच. ही गोष्ट आता इतकी गोड करून सांगतात की कंटाळा येतो, जणू काही पॅड बांधून बसल्यामुळे माणूस आपोआप कोच होतो. खरी गोष्ट त्याच्या नंतरची आहे. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, तेव्हाचा जागतिक विक्रम, पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन, २००६-०७ ला मुंबईला कॅप्टन म्हणून रणजी जिंकून दिली, आणि इंडियाची कॅप एकदाही नाही. द्रविड, लक्ष्मण, गांगुलीच्या काळात जन्माला आला. म्हणजे न निवडलं जाणं या विषयात या माणसाची पीएचडी आहे.

आणि तरी त्याने, म्हणजे त्याच्या टीम मॅनेजमेंटने, २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये जेमिमाला बसवलं. वांद्र्याची आपली बॅट्समन जेमिमा रॉड्रिग्ज, सगळ्यांची लाडकी. कारण बघा. तिचे दोन भोपळे झाले होते स्पर्धेत. त्यात ऑस्ट्रेलियाने विशाखापट्टणमला आपले ३३० चेस केले, तेव्हा दिसलं की पाच बॉलरवर भागत नाही, सहावा पाहिजे. म्हणून इंदूरला इंग्लंडविरुद्ध बॉलर रेणुका आत, जेमिमा बाहेर. हा काही वेडेपणाचा निर्णय नव्हता, पण नशीब असं की २८९ चा पाठलाग करताना मॅच हातात होती आणि स्मृती ८८ वर आउट झाल्यावर गाडी घसरली, चार रननी हरलो. ओळीने तिसरी हार. आमच्या ग्रुपवर जे मेसेज पडले त्या रात्री ते इथे लिहिता येणार नाहीत, सगळे कोचच्या नावाने.

इथे दोन प्रकारचे कोच असतात. एक आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करायला पुढच्या मॅचलाही तीच टीम खेळवतो. मैदानावर असे ढिगाने बघितलेत मी, टीम हरली तरी चालेल पण याचा शब्द खाली पडता कामा नये. मुझुमदारने न्यूझीलंडविरुद्ध जेमिमाला परत घेतलं, नुसतं घेतलं नाही तर वन डाऊन, म्हणजे तीन नंबरला पाठवलं, तिने नाबाद ७६ मारले. मग सेमी फायनलला डीवाय पाटीलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं टार्गेट. तिने नंतर सांगितलं की ती पाचव्या नंबरला जाणार असं धरून चालली होती, अंघोळ करत होती, आणि बॅटिंगला जायच्या पाच मिनिटं आधी कळलं की तीन नंबरला जायचंय. आता कोणी म्हणेल ही काय पद्धत, हाच का तुमचा संवाद. मला उलटं दिसतं. ज्या प्लेयरला दहा दिवसांपूर्वी बाहेर बसवलंय तिला तुम्ही पाच मिनिटं आधी सांगू शकता आणि ती वाद न घालता जाते, याचा अर्थ मधल्या दहा दिवसात तिच्याशी कोणीतरी नीट वागलंय. नाबाद १२७. ती स्वतः बोलली की त्या दिवसांत ती रडत होती, घाबरलेली होती, आणि टीममधल्या मुलींनी तिला धरून ठेवलं. कोचला एकट्याला सगळं श्रेय देऊ नका, पण ड्रेसिंग रूममध्ये असं रडता येतं, हे वातावरण कोणीतरी ठेवावं लागतं. काही ड्रेसिंग रूममध्ये रडलात तर पुढच्या मॅचला टीममध्ये नसता.

आणि शफाली! ती तर राखीवमध्येही नव्हती. प्रतिका रावलचा पाय बांगलादेशच्या मॅचला फिल्डिंग करताना दुखावला, शफाली हरियाणाकडून डोमेस्टिक टी-ट्वेंटी खेळत होती, तिथून उचलून सेमी फायनलला. फायनलला ८७ रन आणि दोन विकेट, प्लेयर ऑफ द मॅच. तिला बॉलिंग देणं हे कॅप्टन हरमनप्रीतचं, कोचचं नाही, हरमनप्रीतने स्वतः सांगितलंय की आतून वाटलं म्हणून दिली. मैदानात गेल्यावर कोचने गप्प बसायचं असतं हेही कोचिंगच आहे. २ नोव्हेंबरची ती रात्र, नेरुळहून परतताना लोकलमध्ये बायका, पोरी, आजोबा सगळे ओरडत होते, हार्बर लाइनवर एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता.

स्टार सांभाळायचा आणखी एक उपाय म्हणजे नियम करायचे. ऑस्ट्रेलियात ३-१ हरल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बोर्डाने दहा कलमी यादी काढली, डोमेस्टिक खेळायलाच पाहिजे, घरच्यांना किती दिवस बरोबर ठेवायचं वगैरे. त्यानंतर रोहित, यशस्वी, श्रेयस सगळे बीकेसीला मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळायला उतरले. मी गेलो होतो, अर्धी गर्दी ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यात घालून आलेली. रोहित पहिल्या डावात ३ वर गेला आणि लोक उठून कामाला गेले. मुंबई ती मॅच पाच विकेटनी हरली. स्टार लोकांना डोमेस्टिक खेळवणं चांगलंच आहे, श्रेयस आणि इशानचे करार २०२४ ला गेले आणि दोघं खेळून परत आले हेही खरं. पण एका मॅचसाठी येणाऱ्याला जागा द्यायला रोज खेळणारा पोरगा बाहेर बसतो, आणि त्याला ते सांगायचं काम रणजीच्या कोचवर पडतं, बोर्डाच्या यादीत त्याच्यासाठी कलम नव्हतं.

हां, आणि मुंबईचा बॅट्समन सरफराज खान, त्याचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बंगलोरला न्यूझीलंडविरुद्ध १५० मारले, मग ऑस्ट्रेलियाला नेऊन एकही टेस्ट खेळवली नाही, आणि इंग्लंडच्या स्क्वॉडमध्ये नावच नाही. पैकी ऑस्ट्रेलियातलं न खेळवणं कोच आणि कॅप्टनच्या खात्यावर टाका. इंग्लंडला न नेणं निवड समितीच्या. त्यासाठी गंभीरला शिव्या देऊ नका, आगरकरला द्या, तोही आचरेकर सरांच्याच हाताखालचा आणि शिवाजी पार्कात वाढलेला आहे, शिव्या त्याने तिथे भरपूर ऐकल्या असणार.